बिअरच्या जत्रेत एक शनिवार

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण. छापताना बोलीचा ओघ तसाच ठेवला आहे.)



फळ्यावर या सत्राचा विषय लिहिलाय ‘दारूविरोधी लढा आणि आपण’, आणि मी बोलणार आहे इंग्लंडमधल्या एका बिअरच्या जत्रेबद्दल. काल रात्री पंगतीत हे कळलं तेव्हा काहीजणी हसल्या. दोघीतिघींच्या कपाळाला आठ्याही पडल्या, त्या मी पाहिल्या. एकीने तर सरळ विचारलं, "ताई, तुम्ही प्यायलात का?" उत्तर देणार आहे, पण जरा थांबा.

आधी मी कुठून आले ते सांगते. आमच्या घरात दारू नव्हती. पण माझी आत्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायची, आणि महिन्यातून दोन-तीनदा रात्री अकरा-बाराच्या सुमाराला आमच्या दाराची कडी वाजायची. दारात आत्या दोन मुलांना घेऊन उभी. आई काही विचारायची नाही, आम्हाला सरकायला सांगून गोधडी पसरायची. सकाळी आतोबा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून तिला न्यायला यायचे, आणि माझे वडील त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगायचे. माझ्या लेखी दारू म्हणजे ती कडी. पुढे एमएसडब्ल्यू केलं, समुपदेशन केंद्रात कामाला लागले, शेकडो अर्ज लिहून घेतले. त्यात ‘दारू पिऊन’ हे शब्द नाहीत असे अर्ज फार थोडे. तेव्हा दारूबद्दल मला कुणी गोड गोष्टी सांगायला लागलं की मी कान बंद करून घेते. करून घ्यायचे, असं म्हणू या.

२०२३ च्या उन्हाळ्यात मला तीन महिने इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका छोट्या शहरात जायला मिळालं. नवऱ्याच्या मारापासून बाहेर पडलेल्या बायकांसाठी तिथे एक निवारा आहे, त्यांचं काम शिकायला. इमारत जुनी, गळकी. पत्ता गुप्त. तिथल्या बाईची गोष्ट आणि इथल्या बाईची गोष्ट यांत भाषा सोडली तर फार फरक नाही, हे मी वेगळं सांगायला नको. २०१० नंतर तिकडे सरकारने खर्चाला कात्री लावली तेव्हापासून असे निवारे लोकवर्गणीवर जास्तच अवलंबून झाले आहेत. तर जूनमधल्या एका शुक्रवारी माझी तिथली सहकारी म्हणाली, "उद्या बिअर फेस्टिवल आहे. आपलं टेबल लावायचंय, डबे घेऊन फिरायचंय. येणार ना?"

मी म्हटलं, मारलेल्या बायकांसाठी पैसे गोळा करायचे ते पिणाऱ्या पुरुषांपुढे डबा धरून?

ती शांतपणे म्हणाली, "दुसरं कोण देतंय?"

रात्रभर मला झोप लागली नाही. तरीही गेले. का गेले, याचं प्रामाणिक उत्तर कुतूहल हे आहे.

शहराच्या कडेला रग्बीचं मैदान होतं. त्यावर दोन मोठे पांढरे तंबू, आणि एका मालट्रकच्या उघड्या पाठीवर केलेलं स्टेज. तंबूत लाकडी घडवंचीवर पिंपं आडवी मांडून ठेवलेली, एकावर एक दोन रांगा. प्रत्येक पिंपावर ओलं फडकं, गार राहावं म्हणून, आणि पुढे एक तोटी. एका पिंपात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पिंट, म्हणजे सुमारे ४१ लिटर. तिकडे ज्याला एल म्हणतात तो बिअरचा जुना प्रकार. पिंपात भरल्यावरही तो आंबतच राहतो, वरून गॅस घालत नाहीत, आणि बर्फासारखा थंड देत नाहीत. आपल्या माठातल्या पाण्यापेक्षा थोडा गार, इतकंच. या पद्धतीची बिअर कारखान्यांच्या रेट्यात संपत चालली होती म्हणून चार तरुणांनी १९७१ मध्ये तिच्यासाठी मोहीम सुरू केली. कामरा म्हणतात तिला. त्याच १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात मारहाण झालेल्या बायकांसाठी त्या देशातला पहिला प्रसिद्ध निवारा उघडला होता. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण त्या दिवशी डबा हातात धरून उभी असताना मला ते वर्ष सारखं आठवत होतं.

दारात तिकीट घेतलं की काचेचा एक पेला देतात, त्याचं डिपॉझिट. सोबत एक कार्ड, त्यावर पैशांचे चौकोन छापलेले. घेतली की तोटीवरचा माणूस तितके चौकोन खोडतो. एक छापील पुस्तिका. तीत साठेक बिअरची नावं, कुठल्या गावची, किती कडक. बहुतेक साडेतीन ते सहा टक्के. आपल्याकडे ‘विदेशी’ म्हणून बाटलीत मिळते ती ४२.८ टक्के असते, हे लक्षात घ्या. म्हणजे मी पाहिलं ते पिणं आणि आपल्या वस्तीतलं पिणं या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेल्यावर तीन रेघा असतात. पूर्ण पिंट, अर्धा, आणि एक तृतीयांश. लोक पुस्तिकेत पेन्सिलीने खुणा करत, एक तृतीयांश घेऊन, वास घेऊन, आपसांत वाद घालत हिंडत होते. आंब्याच्या दिवसांत आपल्याकडे हापूस आणि पायरीवरून लोक भांडतात ना, तसे. प्यायचं पाणी फुकट. लहान मुलं होती, त्यांच्या कानांवर आवाज कमी करणारी मोठी झाकणं लावलेली. कुत्रीही होती.

आणि बायका होत्या. सत्तरीच्या, चाळिशीच्या, कॉलेजच्या. नवऱ्याबरोबर आलेल्या, मैत्रिणींबरोबर आलेल्या, आणि काही एकट्या. एकटी बाई गवतावर बसून पेला बाजूला ठेवून पुस्तक वाचते आहे आणि कुणीही तिच्याकडे बघत नाही, हे दृश्य मी किती वेळ बघत राहिले ते मलाच कळलं नाही. बघणारी मी एकटीच होते.

दुपारी दोनपासून बँड सुरू झाले. पहिला पन्नाशीच्या पुरुषांचा, पोटं सुटलेली, १९७० च्या दशकातली गाणी. दुसऱ्याचं मला काहीच कळलं नाही, नुसता गलका. तिसऱ्यात बास गिटारवर एक मुलगी होती, केस बारीक कापलेली, आणि ती वाजवायला लागली की जमीन पायाखाली थरथरायची. स्टेजपुढे बायकाच नाचत होत्या. पुरुष हातात पेला धरून कडेला उभे, मान हलवत. मला आमच्या गावच्या यात्रेतला तमाशाचा फड आठवला. तिथे बाई स्टेजवर आणि समोर सगळे पुरुष. आम्हा मुलींना त्या रात्री घराबाहेर पडायची बंदी, ढोलकी नुसती लांबून ऐकायची. इथे उलटं. नाचणाऱ्या बायकांना कुणी दौलतजादा करत नव्हतं.

अमेरिकेत १९९० च्या सुमाराला बिकिनी किल नावाचा मुलींचा रॉक बँड निघाला. त्यांची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढे बोलवून घ्यायची आणि मुलांना मागे सरकायला सांगायची, कारण पुढच्या धक्काबुक्कीत मुलींना उभंच राहता यायचं नाही. हे मी आधी वाचलं होतं. स्वीडनमध्ये ब्रोवला नावाचा मोठा संगीत महोत्सव लैंगिक हल्ल्यांच्या तक्रारींमुळे २०१८ मध्ये भरलाच नाही, आणि त्या वर्षी गॉथेनबर्गला फक्त बायकांसाठी महोत्सव भरवला गेला. तेव्हा तिकडे सगळं आलबेल आहे असं समजून मी गेले नव्हते. आणि समजून आलेही नाही, ते पुढे सांगते.

आमचं टेबल बायकांच्या संडासाजवळ होतं. मुद्दाम मागून घेतलेली जागा. का, ते तुमच्या लक्षात आलं असेल. नवरा तिथे आत येऊ शकत नाही. आतल्या दारांवर आमचा फोन नंबर छापलेल्या, चपलेत लपेल एवढ्या चिठ्ठ्या ठेवलेल्या, आणि भिंतीवर एक कागद : अडचणीत असाल तर तोटीवर येऊन अँजेला आहे का विचारा. ही पद्धत २०१६ मध्ये लिंकनशायरमध्ये सुरू झाली. अँजेला नावाचं कुणी नसतं. ते नाव घेतलं की तिथल्या माणसाने समजायचं, बाईला इथून निघायला मदत हवी आहे. तिला आत न्यायचं, गाडी बोलवायची. आपल्या एसटी स्टँडवर असं काही करता येईल का, असं मी वहीत लिहून ठेवलं आहे.

त्या दिवशी आमच्या चिठ्ठ्या एकतीस गेल्या. संध्याकाळी मोजल्या.

मधल्या वेळेत एका तोटीवर उभ्या असलेल्या आजींशी ओळख झाली. निवृत्त शिक्षिका, दरवर्षी इथे दोन दिवस फुकट काम करतात. मी भारतातून आले, दारूबंदीच्या चळवळीत आहे, असं सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत, उलट खुशीत आल्या. म्हणाल्या, "ब्रूस्टर शब्द ऐकलाय? बिअर करणारी बाई. एके काळी हे सगळं आमचं होतं."

परत आल्यावर मी त्याचा शोध घेतला. ज्युडिथ बेनेट या इतिहासकार बाईंचं १९९६ चं पुस्तकच आहे या विषयावर. इंग्लंडमध्ये १३०० च्या सुमाराला एल घराघरांत बायका करायच्या. सातूला मोड आणून, वाळवून, भरडून, पाण्यात आंबवायचं. ते चार-पाच दिवसांत आंबट होऊन जायचं, म्हणून सारखं करावं लागायचं, आणि घरापुरतं ठेवून उरलेलं शेजारीपाजारी विकायचं. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. विकायला आहे याची खूण म्हणून दारावर काठीला झुडूप बांधायचं. विधवा, एकट्या, गरीब बायकांना त्यात चार पैसे मिळायचे. १३४८-४९ च्या प्लेगच्या साथीनंतर लोकांच्या हातात मजुरी जास्त आली, पिणं वाढलं, धंदा मोठा झाला. मग युरोपातून हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून केलेली बिअर आली. ती टिकायची, लांब पाठवता यायची. पण तिला मोठी भांडी, जळण, भांडवल लागायचं, आणि भांडवल व कर्ज पुरुषांना मिळायचं. पुरुषांचे संघ झाले. १६०० पर्यंत धंद्यातून बायका जवळजवळ बाहेर फेकल्या गेल्या होत्या. मधल्या काळात एल विकणारी बाई म्हणजे लबाड, मापात मारणारी, चारित्र्याने वाईट, अशी चित्रं आणि नाटकं निघाली. लडलो गावच्या चर्चमध्ये लाकडात कोरलेलं एक चित्र आहे. त्यात सैतान अशा बाईला खांद्यावर टाकून नरकात नेतो आहे आणि तिच्या हातात तिचं भांडं आहे.

बेनेटबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. त्या म्हणतात की बायकांच्या हातात होता तेव्हाही तो धंदा सोन्याचा नव्हता. कमी पैशांचा, कमी मानाचा, म्हणूनच बायकांच्या हातात होता. पैसे आणि मान आला तसा तो पुरुषांकडे गेला. आपल्या पापड-लोणच्यांचं आणि मोठ्या कंपन्यांचं काय झालं ते आठवून पाहा.

आता आपल्याकडे या. मोहाची दारू आदिवासी बायका घरात गाळत, देवाला घालत, बाळंतिणीला देत. इंग्रज सरकारने १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणला, घरी गाळणं गुन्हा ठरवलं, आणि मक्त्याने घेतलेली दारू विकत प्यायला लावली. पैसा सरकारला आणि मक्तेदाराला. म्हणजे दारू बंद झाली नाही, फक्त बाईच्या हातून गेली. त्यात ती चांगली होती असं मला म्हणायचं नाही. शहाद्याच्या आदिवासी बायकांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दारूची मडकी फोडत गावंच्या गावं पालथी घातली, ती उगाच नाही. त्यांनीच आपल्याला रस्ता दाखवला. आणि हातभट्टी मारते, हेही खरं. २०१५ मध्ये मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली. पण मडकं कुणाचं फुटतं आणि बाटली कुणाची वाचते, हा प्रश्न मला त्या आजींनी नकळत हातात दिला.

जत्रेत परत जाऊ. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, तोच मुलगी असलेला बँड चालू होता. स्टेजपुढे एका मुलीच्या मागे एक माणूस येऊन चिकटला. तिने एकदा झटकलं, दुसऱ्यांदा झटकलं. बास वाजवणारी मुलगी थांबली. तिच्यामागे सगळे थांबले. तिने माइकवरून त्या माणसाच्या शर्टाचा रंग सांगितला, एवढंच. दोन स्वयंसेवक आले, त्यातली एक बाई होती. त्यांनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि त्याला फाटकाबाहेर नेलं. दुसरी बाई त्या मुलीजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, पाणी हवंय का? बस. मग गाणं सुरू झालं.

ती मुलगी प्यायलेली होती. चांगलीच. आणि तिला कुणीही विचारलं नाही की तू किती घेतली होतीस, तुझ्याबरोबर कोण आहे, घरी माहीत आहे का.

मला रडू आलं. का ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या केंद्रात एक बाई आली होती. डोक्याला सहा टाके. नवऱ्याने लग्नाच्या पहिल्या वर्षापासून जबरदस्तीने आपल्याबरोबर बसवलं, आणि पुढे तिला सवय लागली. पोलिस ठाण्यात तिच्या तोंडाचा वास आल्यावर हवालदाराने वहीच बंद केली. ते सोडा, तिथून आपण अपेक्षा काय करणार. पण आमच्याच समितीत एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "मग तिचंही चुकतंच की." आणि मी गप्प बसले. आमच्या अर्जात एक रकाना आहे : व्यसन, पतीचं आणि अर्जदाराचं. अर्जदाराच्या रकान्यात मी काही लिहिलंच नाही, कोरा सोडला. तिला वाचवायला सोडला असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला तिची लाज वाटली होती. ती बाई नंतर केंद्रात आली नाही.

हा आपल्या चळवळीतला जुना गुंता आहे. २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बार बंद केले तेव्हा स्त्री संघटना दोन बाजूंना उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी चुकीची ठरवली. बायकांनी बारमध्ये नोकरीच करू नये हा दिल्लीला लागू असलेला जुना कायदाही त्याच न्यायालयाने २००७ मध्ये मोडला, की बाईला सुरक्षितता द्या, तिची रोजी काढून घेऊ नका. जानेवारी २००९ मध्ये मंगळूरच्या पबमधून मुलींना ओढून मारलं तेव्हा आपल्यातल्या किती जणींनी मनातल्या मनात म्हटलं, पण गेल्याच कशाला? मी तेव्हा कॉलेजात होते. मी म्हटलं होतं.

तिकडेही हे सहज मिळालेलं नाही. लंडनच्या एल विनो नावाच्या दारूच्या दुकानात बाईने काउंटरवर उभं राहून मागितली तर देत नसत. तिने मागच्या खोलीत बसून वाट पाहायची. टेस गिल आणि अ‍ॅना कूट या दोघी कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये जिंकल्या. कामगारांच्या क्लबांत तर बायकांना बरोबरीचं सभासदत्व त्यांच्या महासंघाने २००७ मध्ये दिलं. त्या लढ्याची एक सुरुवात १९७८ मध्ये वेकफील्डच्या एका क्लबात शीला कॅपस्टिक नावाच्या बाईला स्नूकर खेळू दिलं नाही तिथून झाली. स्नूकर! लढा कुठून सुरू होईल काही सांगता येत नाही. आणि बिअरच्या जत्रांतही, बाईच्या अंगावरून अचकट नावं दिलेल्या बिअर लंडनच्या मोठ्या महोत्सवात ठेवायच्या नाहीत असं कामराने ठरवलं ते २०१९ मध्ये. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिएन अ‍ॅलन या बिअर करणाऱ्या बाईने आपल्या धंद्यातल्या बायकांना नुसतं विचारलं की तुम्हाला काय काय सोसावं लागतं, आणि उत्तरांचा पूर आला. तेव्हा माझ्या त्या एका शनिवारावरून तिकडे स्वर्ग आहे असं समजू नका.

माझ्या सहकारीनेही मला समजू दिलं नाही. रात्री आम्ही निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात डब्यातली नाणी मोजत होतो, मी उत्साहाने बोलत होते. ती म्हणाली, "तू बघितलंस ते कुंपणाच्या आतलं. इथे स्वयंसेवक आहेत, दिवे आहेत, पाणी आहे. घरी गेल्यावर दिवा बंद." मग तिने मला एक अभ्यास सांगितला. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी लँकशायर पोलिसांच्या नोंदी तपासल्या. २००२, २००६ आणि २०१० च्या फुटबॉल विश्वचषकांत इंग्लंड हरलं त्या दिवशी घरातल्या मारहाणीच्या घटना ३८ टक्क्यांनी वाढल्या होत्या. आणि इंग्लंड हरलं नाही त्या दिवशीही, २६ टक्क्यांनी. म्हणजे जिंकले तरी मारलं. "दारू कारण असेल, तर ती मैदानात त्याच्या बॉसला का मारायला लावत नाही?" ती म्हणाली. आपणही शिबिरांत हेच सांगतो, पण मध्यरात्री परक्या देशात, पुढ्यात बिअरच्या पैशांचा ढीग असताना ते वेगळं ऐकू येतं.

मी तिला पुन्हा विचारलं, हे पैसे घ्यावेत का? ती म्हणाली, "छप्पर गळतंय." मला अजूनही या उत्तराने पूर्ण समाधान झालेलं नाही. तुमच्यातल्या कुणाला झालं तर मला सांगा.

आणि हो, प्यायले. आजींनी एक तृतीयांश पेला काळी बिअर दिली. करपलेल्या भाकरीसारखी लागली, आवडली नाही. हे सांगून थांबले तर तुम्हाला बरं वाटेल, पण दुसरी, फिकी होती ती, आवडली. पेला रिकामा केला. आणि मग कुणाच्याही दाराची कडी वाजली नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं ते. २०१६ मध्ये आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवर आम्ही अकराजणी गेलो आणि एका मावशीची भट्टी फोडली. गुळाचं रसायन ओढ्यात ओतलं. पेपरात फोटो आला. तो फोटो केंद्राच्या भिंतीवर होता, तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलाय. फोटोत मावशी नाहीत. त्या मागे उंबऱ्यावर बसल्या होत्या, दोन पोरं कुशीत. नवरा टाकून गेलेला. त्या ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फोडली ना? आता पोरास्नी काय घालू त्ये बी सांगून जावा." आम्ही काही सांगितलं नाही. घोषणा देत परतलो.

महिन्याच्या आत त्या वाडीवर मोटरसायकलवरून देशीच्या बाटल्या यायला लागल्या, गावातल्या परवान्याच्या दुकानातून. मावशी ऊसतोडीला गेल्या. उसाची साखर होते, उरलेल्या मळीची देशी होते, ती त्यांच्याच वाडीवर येते. पुढे आपण त्या परवान्याच्या दुकानाविरुद्ध उभी बाटली-आडवी बाटलीची मागणी केली. २००८ च्या नियमाप्रमाणे यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीच्या निम्मी. मेलेली, माहेरी गेलेली, गावात नसलेली, सगळी नावं आपल्या विरोधात मोजली जातात. मतदान जानेवारीत लागलं. आपण थोडक्या मतांनी पडलो. त्या दिवशी मावशी आणि त्यांच्यासारख्या कितीतरी बायका दोनशे किलोमीटरवर फडात होत्या. मावशीच्या मडक्याला अकरा काठ्या पुरल्या, आणि दुकानाला गावातल्या निम्म्या बायका पुरल्या नाहीत.

परत आल्यावर मी मावशींना भेटले. इंग्लंडचं सगळं सांगितलं, ब्रूस्टरचं, काठीला बांधलेल्या झुडपाचं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "आमी बी दारात फडकं लावायचो की." माफी मागितली. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

तर मी तीन गोष्टी मांडते, ठराव म्हणा वा भांडणाला सुरुवात म्हणा. पुढच्या मतदानाची मागणी पावसाळ्यासाठी करायची, ऊसतोडीच्या बायका गावात असतील तेव्हा, आणि त्यासाठी कलेक्टर कचेरीत आत्तापासून खेटे घालायचे. जिथे हातभट्टी बाईची आहे तिथे तिच्या घरात उद्या चूल कशावर पेटेल हे ठरवल्याशिवाय काठी उचलायची नाही. बचत गटाचं पहिलं कर्ज तिला. यावर तुमचं म्हणणं असेल की तोवर माणसं मरतील. असेल, खरं असेल, बोलू या. आणि आमच्या अर्जातला अर्जदाराच्या व्यसनाचा रकाना, तो ठेवायचा असेल तर तिच्या उपचारासाठी ठेवायचा. समितीपुढे तो कागद जाणार नाही.

मावशी उद्या सकाळच्या सत्राला येते म्हणाल्या आहेत. पहाटेची गाडी मिळाली तर. त्या अकराजणींपैकी सातजणी आज या खोलीत आहोत. आम्ही काल ठरवलंय की उद्या पुढे बसायचं आणि त्या बोलत असताना मध्ये बोलायचं नाही.

चहा आलेला दिसतोय. भांडण चहानंतर.